कर्मचाऱ्याची उमेद : रुजू होण्यापासून निवृत्तीपर्यंत

शासकीय सेवेत रुजू होणाऱ्या प्रत्येक व्यक्तीच्या नावे एक सेवापुस्तक उघडले जाते. जन्मतारीख, शैक्षणिक अर्हता, रुजू झाल्याचा दिनांक, वेतनवाढी, रजा, बदल्या, पदोन्नती, क्वचित एखादी शिक्षा, अशा सर्व नोंदी त्यात कालानुक्रमे होत जातात आणि अखेरीस तेच पुस्तक निवृत्तिवेतनाचा आधार ठरते. या पुस्तकात एका गोष्टीसाठी मात्र रकाना नाही. पहिल्या दिवशी जी उमेद घेऊन ती व्यक्ती कार्यालयाची पायरी चढली, त्या उमेदीचे पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत काय झाले, याची नोंद कोठेही होत नाही.

ही उणीव वरवर किरकोळ वाटेल. परंतु तिचे परिणाम भोगावे लागतात ते कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तीन खेपा घालणारी विधवा, घरकुलाच्या हप्त्याची वाट पाहणारा शेतमजूर, वाचता न येताच वरच्या वर्गात गेलेले मूल, या सर्वांच्या अडचणींच्या मुळाशी पुष्कळदा निधीचा किंवा नियमाचा अभाव नसतो. योजना असते, पैसाही असतो. पण ती योजना ज्या हातांतून जायची, त्या हातांतील उमेद केव्हाच मावळलेली असते. आणि ते हात आळशी माणसाचे असतात असेही नव्हे. दहा वर्षांपूर्वी तोच माणूस सुटीच्या दिवशीही कार्यालय उघडून बसत असे, असे गावकरीच सांगतात. मग मधल्या काळात घडले काय?

व्यवस्थापनशास्त्रात या प्रश्नाचा बराच विचार झाला आहे. आपल्या राज्यातील सेवकवर्ग आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक विविध झाला असल्याने हा विचार अधिकारी, शिक्षक आणि पंचायतींचे सदस्य या सर्वांनाच उपयोगी पडणारा आहे.

उमेद माणसात की कामात?

कामसू माणूस जन्मतःच कामसू असतो आणि कामचुकार जन्मतःच कामचुकार, असा एक सार्वत्रिक समज आहे. गोपनीय अहवालांतील शेऱ्यांची भाषाही पुष्कळदा याच समजावर उभी असते. अमेरिकेतील विल्यम कान या संशोधकाने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या समजाला वेगळी दिशा दिली. उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शक आणि वास्तुरचनाकारांच्या एका संस्थेतील कर्मचारी यांच्या कामाचे त्याने बारकाईने निरीक्षण केले. एकच व्यक्ती काही प्रसंगी जीव ओतून काम करते आणि काही प्रसंगी केवळ शरीराने हजर असते, असे त्याला दिसून आले. अर्थात उमेद हा स्वभावाचा स्थिर गुण नसून व्यक्ती आणि तिचे काम यांच्यातील नात्याची ती एक अवस्था होय. नाते बदलले की ती चढते किंवा उतरते.

कानच्या मते माणूस नकळत स्वतःला तीन प्रश्न विचारीत असतो. मी जे करतो आहे त्याला काही अर्थ आहे काय? मी मनापासून बोललो, वागलो, चुकलो, तर माझा अपमान किंवा नुकसान तर होणार नाही ना? आणि हे काम करण्यासाठी लागणारे शरीराचे व मनाचे बळ आज माझ्याजवळ शिल्लक आहे काय? अर्थ, निर्धास्तपणा आणि बळ, या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तेथे माणूस कामाशी समरस होतो. यांपैकी एकाचे उत्तर जरी नकारार्थी आले, तरी तो हळूहळू अंग काढून घेऊ लागतो.

यावरून दोन गोष्टी ओघानेच येतात. पहिली अशी, की काळ जातो तशी या तीन प्रश्नांची उत्तरे बदलत जातात. दुसरी अशी, की एकाच खोलीत बसलेल्या चौघांची उत्तरे एकसारखी असणार नाहीत. या दोन्ही गोष्टींचे दाखले आपल्या जवळच्याच गिरणी-इतिहासात सापडतात.

अहमदाबादचा अनुभव

१९५३ साली अहमदाबाद शहर तत्कालीन मुंबई राज्यातच होते. तेथील कॅलिको मिलमध्ये नुकतेच स्वयंचलित माग बसवण्यात आले होते. यंत्रे नवी, कामगार अनुभवी, कामाची वाटणीही शास्त्रीय पद्धतीने मोजमाप करून ठरवलेली. तरीही उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस या अभ्यासकाने मागखात्याची पाहणी केली तेव्हा कारण ध्यानात आले. विणण्याचे काम जवळजवळ डझनभर निरनिराळ्या कामांत तोडले गेले होते. एकजण केवळ कांड्या भरी, दुसरा तुटलेले धागे जोडी, तिसरा तेल घाली, चौथा कापड वाहून नेई. प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या मागांची संख्याही वेगवेगळी. परिणामी कापडाच्या एखाद्या ताग्याकडे बोट दाखवून ‘हे आम्ही विणले’ असे म्हणण्याची सोयच कोणाला उरली नव्हती.

राइसने सुचवले ते साधे होते. ठरावीक मागांची संपूर्ण जबाबदारी कामगारांच्या एका लहान गटावर सोपवावी आणि अंतर्गत कामाची वाटणी त्या गटाने आपसांत करावी. ही कल्पना कामगारांनी उचलून धरली आणि आपल्या गटात कोण असावे हेही त्यांनी स्वतःच ठरवले. सात-सात जणांचे गट झाले. सुरुवातीची घडी बसल्यावर मागांची कार्यक्षमता शेकडा ८० च्या आसपास होती, ती ९५ च्या आसपास गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण शेकडा सुमारे ३२ वरून २० वर आले. माणसे तीच होती, यंत्रेही तीच होती. बदलले होते ते माणसांचे कामाशी असलेले नाते.

येथवरची हकीकत अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तिचा उत्तरार्ध. १९७० मध्ये एरिक मिलर हा राइसचा सहकारी पुन्हा त्या गिरणीत गेला. सोळा-सतरा वर्षांनंतर त्या गटांचे काय झाले, हे त्याला पाहायचे होते. साध्या मागांच्या एका खात्यात गटपद्धती जवळजवळ जशीच्या तशी टिकून होती आणि कामाची पातळीही घसरलेली नव्हती. इतर खात्यांत मात्र ती कमीअधिक प्रमाणात विरून गेली होती. दरम्यानच्या काळात बाजारातील मागणी बदलली, कापडाचे प्रकार बदलले. या बदलांचे धक्के ज्या खात्याला फारसे बसले नाहीत तेथे घडी टिकली. जेथे धक्के बसले तेथे गटांना सावरून धरण्यासाठी वरून जे लक्ष आणि साहाय्य मिळायला हवे होते ते पुरेसे मिळाले नाही. आणि मग अडचणीच्या वेळी देखरेख करणाऱ्यांनी व कामगारांनी जुनीच वहिवाट जवळ केली.

कॅलिको मिल आज अस्तित्वात नाही. परंतु तिने ठेवलेला धडा टिकाऊ आहे. एकदा निर्माण केलेली उमेद आपोआप टिकत नाही. परिस्थिती पालटली की तिची पुन्हा मशागत करावी लागते, आणि ती कोणी करायची हे ठरलेले नसेल तर पीक करपते.

एका छपराखाली अनेक उंबरठे

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास दुसरा धडा देतो. कोकण आणि सातारा भागातील कष्टकरी, तेलंगणातील पद्मशाली विणकर, उत्तर भारतीय, मुसलमान, दलित, स्त्रिया, असा नाना तऱ्हांचा समाज एकाच भोंग्यावर कामाला येत असे. वरकरणी सर्वांसाठी गिरणी एकच होती. प्रत्यक्षात प्रत्येकापुढचा उंबरठा निराळा होता.

विणकाम खात्यात मजुरी तुलनेने चांगली मिळे. परंतु धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागत असल्याने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात प्रवेश नसे. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न कामगार चळवळीपुढे ठामपणे मांडला. कितीही कसब मिळवले तरी पुढच्या खात्याचे दार उघडणार नाही, हे ज्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, त्याने उमेद कशाच्या जोरावर धरावी? स्त्रिया प्रामुख्याने रीळ आणि वाइंडिंग खात्यांत होत्या. पुढच्या दशकांत त्यांची संख्या सतत घटत गेली. बदली कामगाराला तर रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून, कायम कामगार गैरहजर असेल तरच आत जाता येई. कित्येकांची उमेदीची वर्षे त्या दारातच गेली.

तात्पर्य असे, की ‘कामगारांचे मन कामात नाही’ हे विधान या तिघांविषयी एकाच वेळी करता येईल, पण तिघांची कारणे तीन आहेत. एकाला अर्थ सापडत नाही, दुसऱ्याला निर्धास्तपणा नाही, तिसऱ्याचे बळ अनिश्चिततेने खाऊन टाकले आहे. सर्वांना एकच औषध देऊन हा आजार बरा होणारा नव्हता, आणि आजही होणार नाही.

आपला सेवकवर्ग

राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातील सेवेत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने या विचाराला सर्व देशात अधिष्ठान दिले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक, परिचर अशा हजारो ग्रामीण तरुणांना आपल्याच जिल्ह्यात लोकसेवेची दारे खुली झाली. राज्याच्या १९९४ च्या महिला धोरणानंतर शासकीय सेवेत स्त्रियांसाठी ३० टक्के आरक्षण लागू झाले. २००१ चा राज्य आरक्षण अधिनियम २००४ पासून अंमलात आला. दिव्यांग व्यक्तींसाठी १९९५ च्या कायद्याने ३ टक्के आणि २०१६ च्या कायद्याने ४ टक्के पदे राखीव ठेवण्याची तरतूद झाली.

या सर्व उपायांनी प्रवेशाचे दार रुंद केले, ही सामाजिक न्यायाच्या दृष्टीने मोठीच मजल होय. परंतु दाराच्या आत आल्यानंतरच्या तीस वर्षांचा विचार त्या मानाने कमी झाला. प्रवेश कायद्याने मिळतो. सहवास आणि मान हे मात्र कार्यालयाने द्यायचे असतात.

पहिली तीन वर्षे

नव्या नोकरीच्या आरंभी समाधान उंचावते आणि नंतरच्या काळात ते उतरणीला लागते, असे अमेरिकेतील वरिष्ठ व्यवस्थापकांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळून आले. आपल्याकडील नवागताचा अनुभवही फारसा वेगळा नाही. २००० पासून आपल्या राज्यात नवा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून ठरावीक मानधनावर काम करतो. याच काळात त्याची उमेद सर्वांत अधिक असते आणि नेमके याच काळात त्याला हातात धरून काम शिकवणारे कोणी असतेच असे नाही. द्विशिक्षकी शाळेत त्याच्या वाट्याला दोन इयत्ता, शालेय पोषण आहाराचा हिशेब आणि नाना प्रकारची माहिती भरून पाठवण्याचे काम एकदमच येते. मराठवाड्यातून कोकणात नेमणूक झालेल्या शिक्षकाची तर मुलांची बोली समजून घेण्यापासून सुरुवात असते. घर शेकडो किलोमीटर दूर, आणि आंतरजिल्हा बदलीची आस मनात. अशा वेळी गावाने त्याला ‘आज ना उद्या जाणारा’ मानले, की तोही स्वतःला तसाच मानू लागतो.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचे एक उदाहरण येथे नमूद करण्याजोगे आहे. एका डोंगराळ तालुक्यातील पाड्यावरचा एक तरुण ग्रामसेवक म्हणून रुजू झाला. घराण्यातील तो पहिलाच शासकीय नोकर. पहिल्या दोन-तीन मासिक बैठकांत तो उत्साहाने बोलला. त्याच्या बोलण्यात घरची बोली डोकावे. एकदा कोणीतरी त्याच्या एका शब्दाची नक्कल केली आणि सभागृह हसले. हसणाऱ्यांच्या मनात द्वेष नव्हता. ते पाच मिनिटांत सर्व विसरूनही गेले. तो मात्र विसरला नाही. पुढची तीन वर्षे तो बैठकीत विचारल्याशिवाय एक शब्द बोलला नाही. त्याचे अहवाल वेळेवर येत, पण त्यांत ‘निरंक’ आणि ‘कार्यवाही चालू’ याखेरीज काही नसे. कागदोपत्री त्याच्यात दोष काढण्यासारखे काहीच नव्हते.

पुढे तेथे आलेल्या गटविकास अधिकाऱ्यांनी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांची तयारी सुरू केली. ग्रामसभेचे अधिकार लोकांना त्यांच्या बोलीत समजावून सांगू शकणारा माणूस त्यांना हवा होता. त्यांनी या तरुणाला बोलावून घेतले आणि म्हणाले, “हे काम तुम्हीच करू शकाल. आम्हांला जमणार नाही.” ज्या बोलीपायी तो गप्प झाला होता, तीच आता त्याची योग्यता ठरली. वर्षभरात शेजारच्या तीन ग्रामपंचायतींनी त्याला मार्गदर्शनासाठी बोलावले. यात कोणताही नवा निधी लागला नाही, नवे पद निर्माण करावे लागले नाही. परंतु मधली तीन वर्षे वाया गेली ती गेलीच. आणि ती केवळ त्याचीच नव्हे, तर त्याच्या गावाचीही होती.

मधला लांबचा पल्ला

दहा ते पंचवीस वर्षे सेवा झालेला कर्मचारी हा खरे तर प्रशासनाचा कणा. काम त्याला पाठ असते; आणि काम पाठ झाले असल्यामुळेच त्याची गोडी उडण्याचा धोकाही असतो. पदोन्नतीच्या जागा मोजक्या असल्याने कुंठितता येते, हे शासनाने ओळखले. १९९४ च्या कालबद्ध पदोन्नतीपासून सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेपर्यंत त्यावर उपाय योजले गेले. सातव्या वेतन आयोगानंतर दहा, वीस व तीस वर्षांच्या सेवेनंतर वेतनाचे लाभ देण्याची तरतूद झाली. हा उपाय आवश्यकच आहे. तथापि वेतनश्रेणी बदलली तरी टेबल तेच राहिले, तर ‘माझ्या कामाला काय अर्थ’ या प्रश्नाचे उत्तर अर्धेच मिळते.

याच टप्प्यावर स्त्री-कर्मचाऱ्यांच्या वाटेत एक वेगळीच अडचण येते आणि ती पुष्कळदा सद्‌भावनेतून निर्माण होते. एका कार्यालयातील लिपिक महिला प्रसूती रजेवरून परत आल्या. त्यांना त्रास नको म्हणून सहकाऱ्यांनी त्यांना जावक बारनिशीचे टेबल दिले. लहान मूल आहे, वेळेवर घरी जाता येईल, असा विचार त्यामागे होता. पहिले वर्ष त्यांनाही ते बरे वाटले. मूल शाळेत जाऊ लागले, पुढे हायस्कुलात गेले, तरी टेबल तेच. लेखा, आस्थापना, योजना यांपैकी कोणत्याही शाखेचा अनुभव न मिळाल्याने पदोन्नतीच्या वेळी ‘अनुभव मर्यादित’ असे बोलले गेले. बारा वर्षांत त्यांना ‘तुम्हांला काय हवे आहे?’ असे एकदाही कोणी विचारले नव्हते. सवलत ही ठरावीक काळापुरती असते आणि ती घेणाऱ्याला विचारून द्यायची असते, हे भान सुटले म्हणजे सवलतीचाच पिंजरा होतो.

दिव्यांग सहकाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडते. ऐकू कमी येते म्हणून बैठकीला बोलवायचे नाही, चालता येत नाही म्हणून क्षेत्रभेटीला न्यायचे नाही. हेतू चांगला, परिणाम असा की माणूस वेतन घेतो, पण कार्यालयाचा घटक राहत नाही. बैठकीची टिपणी आधी लेखी स्वरूपात दिली, बैठक तळमजल्यावर घेतली, एवढ्याने हा प्रश्न कित्येक ठिकाणी सुटण्यासारखा असतो.

गावपातळीवर आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. ग्रामपंचायतीत महिला ग्रामसेवक असल्या, तरी येणारा माणूस शेजारी उभ्या असलेल्या पुरुष शिपायाकडे पाहून बोलू लागतो. सरपंच महिला असतील तर त्यांच्या यजमानांकडे. पंचायतींत स्त्रियांना निम्म्या जागा देणाऱ्या आपल्या राज्यात या सवयीवर उपाय करणे पंचायत सदस्यांच्याच हाती आहे. “ताईंना विचारा, त्या सांगतील,” एवढे एक वाक्य सदस्यांनी चारचौघांत उच्चारले तरी पुष्कळ काम होते. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि ती केवळ फलकावर असून भागणार नाही. निर्धास्तपणाचा पाया तेथूनच घातला जातो.

कंत्राटी आणि मानधनावरील कर्मचाऱ्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. गिरणीच्या दारातील बदली कामगाराची आठवण त्यांच्याकडे पाहून व्हावी. सेवेची शाश्वती देणे हा धोरणाचा विषय आहे आणि तो कार्यालयप्रमुखाच्या हाती नसतो. परंतु मुदतवाढीचा आदेश वेळेवर काढणे, मानधन अडकू न देणे आणि त्यांच्या कामाचे श्रेय त्यांच्याच नावे देणे, या गोष्टी निश्चितच त्याच्या हाती असतात.

अखेरची वर्षे

निवृत्ती जवळ आलेल्या कर्मचाऱ्याविषयी ‘आता त्यांचे काय राहिले’ असे सहज म्हटले जाते. वास्तविक या वयातील उमेद ओसरण्याचे कारण वय हे नसून अनुभवाचे अवमूल्यन हे असते. हस्तलिखित सातबारा गेला, संगणकीकृत उतारा आला. कागदाच्या नस्तीची जागा ई-ऑफिस घेऊ लागले. तीस वर्षे ज्या अक्षरासाठी आणि ज्या स्मरणशक्तीसाठी एखाद्या तलाठी भाऊसाहेबांचे कौतुक झाले, ते एका संगणकासमोर निरुपयोगी ठरल्यासारखे त्यांना वाटले. संकेतशब्द विसरला म्हणून वीस वर्षांनी लहान असलेल्या सहकाऱ्याकडे वारंवार जावे लागणे, हेही मानी माणसाला जड जाते.

परंतु संगणकात जुन्या नोंदींच्या चुका उतरल्या असतील, तर त्या दुरुस्त करण्यासाठी जुना फेरफार वाचता येणारा आणि त्यामागची हकीकत ठाऊक असणारा माणूसच लागतो. तरुणाने यंत्र शिकवावे आणि ज्येष्ठाने अभिलेख शिकवावा, अशी जोडी जेथे लावली जाते, तेथे दोघांचीही उमेद वाढते. निवृत्तीपूर्वी सहा महिने प्रत्येक ज्येष्ठ कर्मचाऱ्याने आपल्या टेबलाची माहिती, अडलेली जुनी प्रकरणे आणि त्यांतील खाचाखोचा लिहून ठेवाव्यात, असा परिपाठ घालण्यास काहीच हरकत नसावी.

काय करता येईल

वरील विवेचनावरून कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि पंचायत सदस्य यांना आपापल्या पातळीवर करता येण्यासारखी काही कामे पुढे येतात. ती थोडक्यात अशी :

१. नवा कर्मचारी रुजू झाला की पहिल्या सहा महिन्यांसाठी एक अनुभवी सहकारी त्याचा मार्गदर्शक म्हणून नेमून द्यावा. गावात नवा शिक्षक किंवा ग्रामसेवक आल्यास त्याची ग्रामसभेत ओळख करून द्यावी आणि त्याच्या राहण्याची विचारपूस करावी.

२. बदल्यांसंबंधीच्या २००५ च्या अधिनियमात सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा धरला आहे. तोच हिशेब ठेवून कार्यालयाच्या आतही दर तीन वर्षांनी टेबल बदलावे. बदल करताना संबंधिताची इच्छा अगोदर विचारावी.

३. दीर्घ रजेवरून परतलेल्या कर्मचाऱ्याशी पहिल्या आठवड्यात निवांत बोलावे. दिलेली सवलत किती काळासाठी आहे हे तेव्हाच ठरवावे आणि मुदत संपताच पुन्हा विचारावे.

४. बैठकीत कोणाच्या बोलीवर, आडनावावर, गावावर किंवा व्यंगावर विनोद झाल्यास अध्यक्षांनी तो तेथल्या तेथे थांबवावा. असा विनोद कितीही निरुपद्रवी वाटला तरी त्याची किंमत कोणीतरी गप्प राहून चुकवीत असतो.

५. कामाचे फळ काम करणाऱ्याला दिसू द्यावे. ज्या लिपिकाने प्रस्ताव तयार केला, त्याला ती विहीर पूर्ण झाल्यावर पाहायला न्यावे. ज्या आरोग्यसेविकेने पाड्यावरच्या नोंदी केल्या, तिच्या नावाचा उल्लेख ग्रामसभेत व्हावा.

६. वर्षातून एकदा, गोपनीय अहवाल लिहिण्यापूर्वी, प्रत्येक सहकाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत : कामात अर्थ वाटतो का, मोकळेपणाने बोलता येते का, आणि कामाचा भार पेलवतो का. उत्तरे लिहून घेण्याची गरज नाही, ऐकून घेण्याची आहे.

यांपैकी एकाही कामासाठी स्वतंत्र तरतूद लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि सातत्य त्याहून अधिक लागते. अहमदाबादच्या त्या खात्यांत जे विरून गेले ते वाईट हेतूने विरले नव्हते. लक्ष द्यायचे कोणी, हे ठरलेले नव्हते म्हणून विरले. आपल्या कार्यालयात, शाळेत किंवा पंचायतीत हे लक्ष देणारी व्यक्ती कोण, याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी नावानिशी देता आले पाहिजे. पुढच्या मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेत प्रलंबित प्रकरणांच्या आढाव्याबरोबर हाही एक विषय घेतला, तर सुरुवात तेथूनच होऊ शकेल.